दिसत नाही त्याचा माग: अनोळखी डोंगरात प्यूमाची रेकी कशी करतात

पहिल्याच सकाळी बर्फातला ठसा पाहून मी गाडी थांबवायला लावली. तळहाताएवढा, चांगला खोल उमटलेला. माझा शेजारी खाली उतरला, गुडघ्यावर बसला, क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "कुणाचं तरी लॅब्रॅडॉर आहे."

तो शिकारी आहे, मी नाही. बंदूक कधी हातात धरली नाही आणि धरायची हौसही नाही. पण डोंगर भटकायची खोड कॉलेजात असताना नाणेघाट-माळशेजकडे लागली, ती अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात येऊनही सुटलेली नाही. त्यामुळे "दोन दिवस नुसतं बघायला जायचंय, मारायचं काही नाही" असं तो म्हणाला तेव्हा मी लगेच निघालो. या नुसत्या बघण्याला इथे स्काउटिंग म्हणतात. आपल्याकडे ट्रेकवाले आणि चोर दोघंही ज्याला रेकी म्हणतात, तेच. शेजारी सपाट मुलखातून आलेला, आणि राज्याच्या वायव्येचा मीकर गावाकडचा भाग त्यालाही नवा होता. अनोळखी डोंगरात, सहसा न दिसणाऱ्या जनावराचा पत्ता कसा लावतात, यातलं मला त्या दोन दिवसांत आणि नंतरच्या वाचनात जे उमगलं ते सांगतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. प्यूमालाच माउंटन लायन म्हणतात, कूगर म्हणतात, फ्लोरिडात पँथर म्हणतात, शास्त्रज्ञ प्यूमा कॉनकलर म्हणतात. जनावर एकच. सिंहाशी याचं नातं लांबचं. याला डरकाळी फोडता येत नाही, हा मांजरासारखा घुरघुरतो, आणि वंशावळीत चित्ता नि घरातलं मांजर यांच्या पंगतीला बसतो. रंग तेवढा सिंहासारखा, अंगभर एकसारखा पिवळसर-तांबूस. आकाराने आपल्या बिबट्याएवढा: नर साधारण ५५ ते ७० किलोचा, मादी ३५ ते ४५ किलोची. कॅनडातल्या यूकॉनपासून दक्षिण चिलीपर्यंत हा सापडतो. पश्चिम गोलार्धात जमिनीवरच्या दुसऱ्या कुठल्याही रानटी सस्तन प्राण्याचा पसारा एवढा मोठा नाही.

बिबट्याएवढा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जुन्नरचा ऊस येतो आणि वाटतं, शोधायला काय, अंगणातच येतो की. इथे तो हिशेब लागू पडत नाही. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, आणि कॅमेऱ्यांच्या मोजणीत तिथे चाळीसहून जास्त बिबटे निघाले आहेत. पश्चिम अमेरिकेत एका नर प्यूमाचा इलाखा सहज २५० चौरस किलोमीटरचा असतो, कोरड्या भागात त्याहून कितीतरी मोठा. म्हणजे अडीच बोरिवल्या मिळून एक दादा, त्याच्या हद्दीत दोन-तीन माद्या, आणि एखाददुसरा वाट चुकलेला तरणा नर. महाराष्ट्राहून थोडंसंच लहान असलेल्या अख्ख्या कोलोरॅडोत, पिल्लं सोडून, ३,८०० ते ४,४०० प्यूमा असावेत असा तिथल्या वन्यजीव खात्याचा अंदाज आहे. एवढ्या विरळ जनावराला शोधत हिंडणं म्हणजे नुसती पायपीट. म्हणून रेकी करणारा प्यूमाला शोधतच नाही. ज्यावाचून प्यूमाचं चालत नाही ते तो शोधतो, आणि मग नकाशावर एकेका जागेवर काट मारत जातो. रेकी चांगली झाली की नाही हे किती ठसे सापडले यावरून ठरत नाही. किती डोंगर वगळता आले यावरून ठरतं.

कायद्याचं आधी सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या वाचकाचा पहिला प्रश्न तोच असतो: हे चालतं? भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शौकाची शिकार संपली. गंमत म्हणजे त्याच १९७२ साली कॅलिफोर्नियाने प्यूमाच्या शिकारीला स्थगिती दिली आणि १९९०मध्ये मतदारांनी ती कायमची बंद केली. बाकी पश्चिमेत मात्र प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. ओरेगनने १९९४मध्ये आणि वॉशिंग्टनने १९९६मध्ये सार्वमत घेऊन कुत्र्यांनी पाठलाग करण्यावर बंदी आणली, शिकार चालू ठेवली. युटाने २०२३पासून साध्या शिकार परवान्यावर वर्षभर मोकळीक दिली. कोलोरॅडोत १९६५पर्यंत प्यूमा मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. त्या वर्षी त्याला उपद्रवी प्राण्यांतून काढून शिकारीच्या संरक्षित प्राण्यांत घातलं. २०२४च्या नोव्हेंबरात तिथेही बंदीचा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला. मी स्वतः बंदीच्या बाजूने झुकणारा माणूस आहे. पण या लोकांना जंगल जेवढं वाचता येतं तेवढं मला वीस वर्षांच्या ट्रेकिंगने आलं नाही, हेही कबूल करतो.

रेकीची सुरुवात डोंगरात होत नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर होते. शेजाऱ्याने तीन आठवडे नकाशे पसरून ठेवले होते.

पहिला प्रश्न: हरणं कुठे आहेत? पश्चिमेत प्यूमाचं मुख्य अन्न म्हणजे म्यूल डिअर, गाढवासारखे लांब कान असलेलं हरीण. मोठा प्यूमा आठवड्याला साधारण एक हरीण मारतो, त्यामुळे हरणांपासून लांब राहणं त्याला परवडत नाही. हिवाळ्यात वरच्या रानात बर्फ साचला की हरणं खाली उतरतात, सेजब्रशच्या झुडपांत आणि ज्युनिपरच्या बुटक्या झाडीत येऊन थांबतात. हरणांचे हे हिवाळी तळ कुठे आहेत याचे नकाशे राज्याचं खातं खुले ठेवतं. ते एकदा वर ठेवले की निम्मा नकाशा आपोआप बाद होतो.

उरलेल्यात दक्षिणेकडे तोंड असलेले उतार बघायचे. उत्तर गोलार्धात हिवाळ्याचा सूर्य दक्षिणेकडून कलता येतो, त्यामुळे दक्षिण उतारावरचा बर्फ लवकर वितळतो आणि गवत-झुडपं उघडी पडतात. हरणं तिथे चरतात. समोरचा उत्तर उतार गार, गर्द, बर्फाने भरलेला. तिथे आडोसा असतो. प्यूमा या दोन्हींच्या मध्ये वावरतो.

आता इथे मला सह्याद्री कामी आला. शेजारी नकाशावर बोट ठेवून जे शब्द इंग्रजीत सांगत होता, त्या प्रत्येकाला आपल्याकडे शब्द आहे, आणि तो आपल्याला पायांनी माहीत आहे. प्यूमाला धार आवडते, कारण वरून दोन्ही बाजू दिसतात. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना तो खिंड पकडतो, आपण पकडतो त्याच कारणाने: चढ कमी. कातळकड्याच्या पायथ्याने जाणारी आडवी वाट त्याची लाडकी, कारण एका अंगाला भिंत असते. आणि दोन कड्यांच्या मधला जो पदर असतो, राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला असतो तसा, तिथे हरणं दुपारी बसतात आणि त्यांच्यामागे तो येतो. तेव्हा दक्षिण उतार, वर कातळ, मध्ये पदर, जवळ खिंड: हे सगळं जिथे एकत्र दिसेल तिथे नकाशावर फुली.

अशा फुल्या चौतीस निघाल्या. मग जमीन कुणाची, हा प्रश्न. पश्चिम अमेरिकेत डोंगर बहुतेक केंद्र सरकारच्या ताब्यात आहेत, काही फॉरेस्ट सर्व्हिसकडे, काही ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे. तिथे कुणीही फिरू शकतं. पण जुन्या काळी वस्तीला आलेल्यांनी पाण्याच्या कडेची सपाट जमीन आधी घेतली, त्यामुळे नदीकाठ आणि दऱ्यांची तोंडं आज खाजगी रँचवाल्यांकडे आहेत. डोंगर सरकारी, डोंगराचा दरवाजा खाजगी! कोलोरॅडोत कुंपण नसलं, पाटी नसली, तरी परवानगीशिवाय शिकारीला आत जाता येत नाही. मोबाइलवर हद्दी दाखवणारी ऑनएक्ससारखी ॲप आली त्याला हेच कारण. वर हिवाळ्यात बरेच रस्ते बंद असतात, काही बर्फामुळे, काही हरणांना त्रास नको म्हणून मुद्दाम. हे सगळं वगळल्यावर चौतीसच्या अकरा राहिल्या.

मग फोन. विभागाचे वन्यजीव-शास्त्रज्ञ असतात, ते नवख्याशीही बोलतात. नेमकी जागा सांगत नाहीत, हरणं यंदा खाली उतरलीत का आणि गेल्या काही वर्षांत किती प्यूमा मारले गेले एवढं मात्र सांगतात. रँचवाल्याला विचारायचं तर आधी त्याच्या गुरांची चौकशी करायची. ही रीत मला सांगावी लागली नाही. स्थानिक शिकाऱ्यांकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नयेत. कोकणात माणूस मासा कुठे लागतो ते सांगतो का?

१९०१ साली थिओडोर रुझवेल्ट याच मीकरच्या परिसरात प्यूमाच्या शिकारीला आले होते. उपाध्यक्ष म्हणून निवडून आलेले, शपथ अजून व्हायची होती. सुमारे पाच आठवड्यांत त्यांच्या तांड्याने १४ प्यूमा मारले. रुझवेल्टना रेकी करावी लागली नाही, कारण सोबतीला जॉन गॉफ हा तिथला वाटाड्या आणि त्याची तयार कुत्री होती. अनोळखी मुलखात पैसेवाला माणूस आजही हेच करतो, वाटाड्या भाड्याने घेतो. ज्याला ते जमत नाही किंवा करायचं नाही, तो पहाटे चारला उठतो.

आम्ही उठलो. कारण सगळा खेळ बर्फाचा असतो. बर्फ रात्री पडून मध्यरात्रीच्या सुमाराला थांबला, तर यापरता योग नाही. पाटी पुसून कोरी झालेली असते, आणि तिच्यावर जे काही लिहिलं जाईल ते पहाटेपर्यंतच्या चार-पाच तासांतलं. बर्फ पहाटे थांबला तर पाटी कोरीच राहते. तीन दिवस पडलाच नाही तर ठशांवर ठसे, ऊन लागून कडा वितळलेल्या, मांजराचा ठसा वाघाचा वाटावा असा पसरलेला. ठसा किती जुना हे ओळखायलाही बर्फच शिकवतो. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात आणि आतला बर्फ मऊ असतो. रात्र उलटली की आत कडक पापुद्रा धरतो, त्यावर दवाचे स्फटिक उगवतात. शेजारी बोटाने ठशाची कड हलकेच दाबून बघायचा, भाकरी भाजली का बघतात तसं. बर्फ पडत नाही तेव्हा काही जण गाडीमागे टायर किंवा साखळी बांधून संध्याकाळी कच्चा रस्ता ओढून गुळगुळीत करतात. सकाळी त्यावर जे उमटेल ते रात्रीचं.

पद्धत कंटाळवाणी आहे. गाडी ताशी दहा-पंधराच्या वेगाने, खिडकी उघडी, डोकं बाहेर, आणि रस्ता ओलांडून गेलेली प्रत्येक रांग बघायची. ससा. कोल्हा. हरणं, हरणं, हरणं. कायोटी, म्हणजे तिथला कोल्ह्या-लांडग्याच्या मधला प्राणी. पुन्हा ससा. आणि माझं लॅब्रॅडॉर.

ते लॅब्रॅडॉर कसं ओळखलं? कुत्र्याच्या ठशात बहुतेक वेळा नखं उमटतात, मांजरकुळात नखं आत ओढलेली असतात. पण हा पुरावा एकट्याने पुरत नाही, निसरड्यावर प्यूमाही नखं काढतो. खरी ओळख घडणीत आहे. कुत्र्याचा ठसा दोन्ही बाजूंनी सारखा, मधली दोन बोटं बरोबरीने पुढे. टाचेची गादी लहान, आणि बोटांच्या नि गादीच्या मधून फुलीची खूण काढता येते. मांजराचा ठसा आपल्या हातासारखा असतो. एक बोट बाकीच्यांपेक्षा पुढे, त्यामुळे डावा-उजवा पाय सांगता येतो. गादी मोठी, तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. प्यूमाचा ठसा सात ते नऊ सेंटिमीटर रुंद. त्याहून बराच लहान, पाचेक सेंटिमीटरचा असेल तर तो बॉबकॅट, तिथलं रानमांजर. टाचेची गादी पाच सेंटिमीटरपेक्षा रुंद भरली तर नर असण्याची शक्यता मोठी. शेजाऱ्याने खिशातून पट्टी काढून मापं घेतली, फोटो काढताना पट्टी शेजारी ठेवली, आणि चालण्याची ढब बघायला शंभर पावलं मागे गेला. कुत्रं भरकटत हुंगत जातं. प्यूमा कामाला निघालेल्या माणसासारखा सरळ जातो, मागचा पाय बऱ्याचदा पुढच्याच्या ठशात टाकत. खोल बर्फात लांब शेपटीची रेघही दिसते.

ठसा म्हणजे तो इथून गेला. तो इथे राहतो हे सांगणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. नर प्यूमा मागच्या पायांनी माती किंवा पाइनची गळलेली पानं मागे ओढून एक लांबट खरवड करतो, तिच्या टोकाशी ढिगारा राहतो, त्यावर कधी मूत्र टाकतो. ही त्याची पाटी: हा इलाखा माझा, माद्यांनो मी इथे आहे. धारेवर, खिंडीत, मोठ्या झाडाखाली किंवा कपारीत त्याच त्याच ठिकाणी वर्षानुवर्षं हे खरवडणं चालतं, आणि फेरी मारताना तो तिथे परत येतो. अनोळखी मुलखात एक सक्रिय खरवड सापडणं हे पन्नास ठशांच्या मोलाचं. अभ्यासकही आपले कॅमेरे अशाच जागी लावतात. शिकाऱ्याने कॅमेरा लावायचा की नाही हे मात्र राज्याचा नियम बघून ठरवावं. ॲरिझोनाने २०२२पासून शिकारीच्या कामासाठी त्यावर सरसकट बंदी घातली आहे.

दुसरी मोठी खूण म्हणजे शिकार. बिबट्या शिकार झाडावर चढवतो, प्यूमा झाकतो. हरीण ओढत आडोशाला नेतो, आधी बरगड्यांमागून फाडून काळीज-यकृत खातो, आणि उरलेल्यावर पालापाचोळा, काटक्या, बर्फ ओढून ठेवतो. पुढचे काही दिवस तो आसपासच असतो. कावळ्यांचे मोठे भाऊबंद, म्हणजे रेव्हन, आणि मॅगपाय पक्षी एखाद्या घळीवर गोंगाट करताना दिसले की दुर्बीण तिकडे वळवायची. आम्हाला असा ढिगारा दुसऱ्या दिवशी दुपारी दिसला. शेजारी जवळ गेला नाही. दुरूनच जागा टिपून घेतली आणि आल्या पावली मागे फिरला. खाणाऱ्याला उठवायचं नसतं.

कुत्र्यांबद्दल थोडक्यात. इथली शिकार बहुतेक हाउंड जातीच्या कुत्र्यांनी होते. प्यूमा वेगवान आहे, पण दम कमी. थोडा पाठलाग झाला की झाडावर चढतो. म्हणून रेकीत कुत्र्यांचाही विचार करावा लागतो, आणि नवखा माणूस चुकतो तो इथेच. ठसा जिथे सुरू होतो ती जागा चांगली आहे की नाही एवढंच तो बघतो, ठसा कुठे जाऊ शकतो ते बघत नाही. त्या धारेपलीकडे सरळ तुटलेला कडा आहे का? हमरस्ता किती लांब? खाजगी कुंपण? कुत्र्याला कुंपण वाचता येत नाही, आणि त्याच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यामुळे ते कुठे आहे हे दिसलं तरी आणायला परवानगी लागते. शिवाय २०२३च्या डिसेंबरात कोलोरॅडोत ओरेगनहून आणलेले लांडगे सोडले. लांडगे परक्या कुत्र्याला आपल्या हद्दीत जिवंत ठेवत नाहीत, आयडाहो-मोंटानाच्या शिकाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. तेव्हा आता लांडग्याचा ठसा दिसला की ती फुलीही बाद.

याच कुत्र्यांनी विज्ञानाचंही काम केलंय. १९६४पासून वन्यजीव-शास्त्रज्ञ मॉरिस हॉर्नॉकर यांनी आयडाहोच्या रानात विल्बर वाइल्स या स्थानिक हाउंडवाल्याला घेऊन प्यूमा झाडावर चढवले, गुंगीचं औषध दिलं, खुणेचे पट्टे बांधले आणि सोडून दिले. तेच तेच प्राणी पुन्हा पुन्हा पकडल्यामुळे कळलं की त्यांच्या हद्दी आखलेल्या असतात आणि ते भांडण्यापेक्षा एकमेकांना टाळतात. प्यूमाची इलाखेबंदी जगाला कळली ती या दोघांमुळे.

आता सगळ्यात अवघड भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सापडलेला माग मादीचा असेल तर? पिल्लं सोबत असलेली मादी मारणं कोलोरॅडोत बेकायदा आहे. प्यूमाला ठरावीक विणीचा हंगाम नाही, पिल्लं वर्षातल्या कुठल्याही महिन्यात होऊ शकतात, साधारण दोन-तीन, आणि वर्ष-दीड वर्ष आईला चिकटून राहतात. मोठ्या पिल्लांचे ठसे आईच्या ठशांशेजारी दिसतात. पण काही आठवड्यांची पिल्लं कपारीत लपलेली असतात आणि आई एकटीच शिकारीला निघते. बर्फात एकाच प्राण्याची रांग दिसते. म्हणून मध्यम आकाराचा ठसा मिळाला की जाणता माणूस पुढे जाण्याआधी उलटा जातो, ती आली कुठून ते बघायला. रांग फिरून फिरून एकाच कपारीशी येत असेल तर तो परिसरच सोडायचा. परवान्याआधी खात्याचा एक अभ्यासक्रम आणि परीक्षा सक्तीची आहे, त्यातला मोठा भाग नर-मादी ओळखण्याचाच. झाडावर बसलेल्या प्राण्याच्या शेपटीखाली, गुदद्वारापासून चार-पाच इंचांवर काळ्या केसांचा ठिपका दिसला तर नर. शेपटी हलेपर्यंत थंडीत मान वर करून उभं राहायचं.

परतीच्या वाटेवर एका कड्याखालच्या पदरावर शेजाऱ्याला साडेपाच सेंटिमीटरची गादी सापडली, कडा अजून धारदार, आणि शंभर मीटरवर जुनी खरवड. अकरा फुल्यांपैकी तीन उरल्या, त्यातली ही पहिली. कुत्री मित्राची, ती पुढच्या शनिवारी मिळणार होती.

कोलोरॅडोत प्रत्येक विभागाला किती प्यूमा मारता येतील याचा आकडा ठरलेला असतो. तो भरला की हंगाम तिथल्यापुरता संपतो, त्यामुळे आदल्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर विभाग खुला आहे की नाही हे तपासल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. शुक्रवारी पाच वाजून दहा मिनिटांनी शेजाऱ्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. ध्वनिमुद्रित बाई एकेक विभाग वाचत गेली. आमचा बंद झाला होता. त्याने फोन ठेवला, नकाशाची गुंडाळी केली, आणि मित्राला कुत्री नकोत म्हणून कळवलं. मला आमच्या त्या पदरावरच्या दादाचं बरं वाटलं, पण ते मी त्याला बोललो नाही.